देवराईतल्या सूक्ष्म बुरशा: नाव कुठवर द्यावं आणि कशाच्या जोरावर

प्रश्न कोकणातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा आहे. गावच्या देवराईत पडलेल्या पानांवर, काटक्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशांची यादी करायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. कॉलेजच्या मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून बीजाणूंचे पुष्कळ फोटो काढून झाले. पण एकाच फोटोला तीन जाणकारांनी तीन नावं दिली, पाठ्यपुस्तकात चौथं निघालं आणि इंटरनेटवर पाचवं. त्यांचं म्हणणं, "कुठलं वर्गीकरण प्रमाण मानू आणि सुरुवात कुठून करू?"

सर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत, ते आधी सोडवून घेऊ. एक म्हणजे नावं का बदलतात. याचं उत्तर सरळ आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. दुसरा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण खरी अडचण तिथेच आहे: तुमच्याकडे जो फोटो आहे, त्यात नाव देण्याइतकी माहिती आहे का? तुम्ही पाठवलेल्या बहुतेक फोटोंत ती नाही. सुटे बीजाणू आहेत, छान फोकसमध्ये आहेत, पण ते कशावर आणि कसे तयार झाले हे दिसत नाही. सुट्या बीजाणूवरून तिघांनी तीन नावं दिली यात मला नवल वाटत नाही. तिघांचं एकमत झालं असतं तर मी जास्त सावध झाले असते.

पुढचं सगळं मी पालापाचोळ्यावरच्या बुरशांबरोबर बरीच वर्षं काम केलं त्या अनुभवावरून सांगते आहे. हवेतल्या किंवा वैद्यकीय बुरशांवर काम करणारे काही बाबतींत वेगळं सांगतील. शिवाय बरंच काही तुमच्या साधनांवर अवलंबून आहे: १०० एक्सची ऑइल इमर्शन लेन्स आहे का, कल्चर करायची, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वेगळी वाढवायची, सोय आहे का, डीएनएसाठी पैसे आहेत का, आणि यादी कशासाठी हवी आहे. मुलांच्या प्रकल्पासाठीची यादी आणि संशोधनपत्रिकेत छापायची यादी यांना पुरावा सारखा लागत नाही.

नावांची गोष्ट तुमच्या जवळच्याच एका बुरशीवरून सांगते. भाताच्या पानांवर तिळाच्या आकाराचे तपकिरी ठिपके पडतात, तो रोग तुम्ही शेतात पाहिला असेल. त्याच्या बुरशीला १९०० साली जावामध्ये ब्रेडा द हान यांनी हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी म्हटलं. १९२७ मध्ये जपानात तिची लैंगिक अवस्था, म्हणजे मीलनातून बीजाणू बनवणारं रूप, सापडली आणि तिला ऑफिओबोलस मियाबिएनस असं वेगळंच नाव पडलं, ते पुढे कॉक्लिओबोलस मियाबिएनस झालं. १९५९ मध्ये शूमेकर यांनी अलैंगिक अवस्थेला बायपोलॅरिस ओरायझी केलं. १९६६ मध्ये आपल्याकडच्या सी. व्ही. सुब्रमणियन आणि जैन यांनी तिला ड्रेक्स्लेरा ओरायझी म्हटलं. म्हणजे ठिपका तोच, बुरशी तीच आणि नावं पाच. एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाशी याच रोगाचा संबंध जोडला. दुष्काळाचं कारण खरोखर धान्याची टंचाईच होती का, यावर अर्थतज्ज्ञांचा जोरदार आक्षेप आहे, तो वाद वेगळा. पण त्या काळातले अहवाल उघडलेत तर हेल्मिंथोस्पोरियम भेटेल, सत्तरच्या दशकातल्या आपल्या कृषी पुस्तकांत ड्रेक्स्लेरा आणि आज बायपोलॅरिस.

ही नावं कुणाच्या लहरीने बदललेली नाहीत. मूळ हेल्मिंथोस्पोरियम ही वाळक्या काटक्यांवर वाढणारी बुरशी. गवतांवरच्या, भातावरच्या काही बुरशांचे बीजाणू तिच्यासारखेच लांबट, तपकिरी, आडव्या पडद्यांचे, म्हणून त्यांनाही त्याच खात्यात टाकलं होतं. पुढे लोकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं, की काहींच्या बीजाणूंना फक्त दोन टोकांनाच अंकुर फुटतो, काहींच्या कुठल्याही कप्प्यातून फुटतो, तर काहींच्या बुडाशी, जिथून बीजाणू सुटतो तिथे, एक ठसठशीत उंचवटा बाहेर आलेला असतो. तसे बायपोलॅरिस, ड्रेक्स्लेरा आणि एक्झरोहायलम असे तीन वेगळे झाले.

हे तुम्ही वर्गातसुद्धा करून दाखवू शकता. ठिपक्यांचं पान दोन-तीन दिवस ओलाव्यात ठेवा म्हणजे ठिपक्यावर काळपट बारीक लव येईल. सुईच्या टोकाने ती उचलून स्लाइडवर साध्या पाण्याच्या थेंबात सोडा. स्लाइड झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाशेजारी रात्रभर ठेवा आणि सकाळी कव्हरस्लिप टाकून बघा. बीजाणूच्या दोन्ही टोकांतून नाजूक, रंगहीन नळ्या निघालेल्या दिसतील आणि मधले कप्पे तसेच बंद असतील. मुलांना हे दिसलं, की बायपोलॅरिस हे नाव पाठ करावं लागत नाही. तुम्हालाही कळेल की नाव ठरवणारी गोष्ट सुट्या बीजाणूच्या फोटोत नव्हती, ती रात्रभर वाट पाहिल्यावर दिसली.

आता वर्गीकरण. अकरावीला तुम्ही जे चार गट शिकवता, फायकोमायसीटीज, अ‍ॅस्कोमायसीटीज, बॅसिडिओमायसीटीज आणि ड्यूटेरोमायसीटीज, त्यांतले मधले दोन आजही उभे आहेत, फक्त दर्जा आणि शेवटचं अक्षर बदललंय: अ‍ॅस्कोमायकोटा, बॅसिडिओमायकोटा. पहिला आणि चौथा मोडीत निघाले. परीक्षेपुरते ते शिकवायलाच लागतील, त्याला इलाज नाही, पण देवराईच्या यादीत आणू नका.

चौथ्यापासून सुरू करते, कारण तुमच्या पाचोळ्यातल्या निम्म्याहून जास्त बुरशा जुन्या पुस्तकानुसार त्यातच जातील. ज्यांची लैंगिक अवस्था सापडलेली नाही अशा सगळ्यांची ती धर्मशाळा होती. त्या धर्मशाळेतल्या खोल्या इटलीतल्या साकार्दो यांनी १८८२ पासून छापायला घेतलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथमालेत पाडल्या: बीजाणू रंगहीन की गडद, एककप्पी की अनेक पडद्यांचा, उभे-आडवे दोन्ही पडदे आहेत का, दोऱ्यासारखा आहे, गुंडाळलेला आहे की ताऱ्यासारखा फाटे फुटलेला. ओळखायला सोपी पद्धत, म्हणून आजही टेबलावर मी ती वापरते. पण तिच्यावरून नातं ठरत नाही.

का ठरत नाही, हे ओढ्याच्या पाण्यात फार स्पष्ट दिसतं. १९४२ मध्ये इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका ओढ्यात कुजणाऱ्या अल्डर झाडाच्या पानांवर इंगोल्ड यांना चार हातांचे बीजाणू धरणाऱ्या बुरशा सापडल्या. तोवर त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत त्या भरपूर आहेत. पावसाचा जोर जरा ओसरला, की लहान धबधब्याखाली जो पिवळसर फेस साचतो, तो चमच्याने बाटलीत घ्या आणि एक थेंब पाहा. चंद्रकोरीसारखी ल्युन्युलोस्पोरा, चार फाट्यांची ट्रिस्केलोफोरस, लांबलचक वळसेदार अँग्विलोस्पोरा, सगळ्या एका थेंबात भेटतात. चार फाट्यांचा बीजाणू वाहत्या पाण्यात पानावर आपटला, की त्याची तीन टोकं एकदम टेकतात आणि तो घट्ट बसतो, गोल बीजाणू घरंगळून जातो. हा आकार इतका सोयीचा आहे, की तो वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे अनेकदा उपजला. ताऱ्यासारख्या बीजाणूंच्या काही बुरशा अ‍ॅस्कोमायकोटातल्या निघाल्या, काही चक्क बॅसिडिओमायकोटातल्या, म्हणजे अळिंबीच्या भाऊबंदांतल्या. आकार पाण्याने घडवला, त्यावरून घराणं कसं कळणार?

म्हणून पुढच्या पिढीने बीजाणूचा आकार बाजूला ठेवून त्याचा जन्म पाहायला सुरुवात केली. १९५३ मध्ये कॅनडात स्टॅन्ली ह्यूज यांनी या दृष्टीने मांडणी केली. १९६२ मध्ये मद्रासला सुब्रमणियन यांनीही बीजाणू कसा तयार होतो याच पायावर आपलं वर्गीकरण दिलं. या विषयात आपल्याकडची परंपरा थोर आहे. पुण्यात आणि मद्रासला तर ती होतीच, पुढे गोवा विद्यापीठात डी. जे. भट यांनी आणि मंगळूरला के. आर. श्रीधर यांनी पश्चिम घाटातल्या पाचोळ्यावर आणि ओढ्यांत खूप काम केलं. तुमची देवराई ज्या पट्ट्यात येते त्याच्याशी याचा थेट संबंध आहे.

बीजाणूचा जन्म पाहायचा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. जांभळाचं किंवा अंजनीचं कुजकं पान ओलाव्यात ठेवलं, की देठाजवळ कधी कधी काळपट, लांब मानेच्या बाटल्यांसारखे दांडे उभे राहिलेले दिसतात. हे बहुधा कलाराच्या जवळपासचं काहीतरी असतं. ४०० पटीवर पाहिलं तर दांड्याच्या पोटात, खोल बुडाशी, बीजाणू बनत असतात आणि सोऱ्यातून शेव यावी तसे एकामागून एक नळीच्या तोंडातून बाहेर ढकलले जातात. सगळ्यात आधी बनलेला सगळ्यात पुढे. याच्या उलट क्लॅडोस्पोरियमचं. तिथे माळेतला सगळ्यात नवा बीजाणू टोकाला असतो, कारण प्रत्येक बीजाणू फुगवटा येऊन पुढचा जन्माला घालतो. अल्टरनारियातही टोकाचाच नवा, पण तो आधीच्या बीजाणूच्या भिंतीतल्या बारीक छिद्रातून बाहेर फुगतो. म्हणजे माळ तिघांचीही, पण घडण तीन तऱ्हांची. फोटोत फक्त माळ दिसते. कुठल्या टोकाला पिल्लू आहे, जुना बीजाणू सुटल्यावर दांड्यावर व्रण राहतो का, नळीच्या तोंडाशी कॉलर आहे का, एवढं टिपून ठेवलंत तर वंशाचं नाव, म्हणजे दोन शब्दी नावातला पहिला शब्द, बहुतेक वेळा पक्कं होतं.

मग डीएनए आला आणि याही मांडणीला काही ठिकाणी धक्के बसले, पण आकारावरच्या वर्गीकरणाला बसले त्या मानाने कमी. त्याच्याच जोरावर २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत एक मोठा निर्णय झाला: एका बुरशीला एकच नाव. तोपर्यंत लैंगिक अवस्थेला एक आणि अलैंगिक अवस्थेला दुसरं नाव ठेवायला नियमानेच परवानगी होती. ती गेली. यूरोशियम, एमेरिसेला आणि निओसार्टोरिया ही जुनी नावं त्यामुळेच आता अ‍ॅस्परजिलसमध्ये विरली, आणि भातावरच्या आपल्या बुरशीचं बायपोलॅरिस राहिलं, कॉक्लिओबोलस गेलं. तुमच्या पाच नावांपैकी दोन-तीन तरी या जुन्या दुहेरी नियमाची उरलेली पिलावळ असणार.

आता पहिला गट, फायकोमायसीटीज. त्यात पुस्तकाने ब्रेडवरची रायझोपस आणि मोहरीवरची अल्ब्यूगो शेजारी बसवलीत. रायझोपस ही बुरशीच आहे, आज म्युकोरोमायकोटात जाते. अल्ब्यूगो बुरशीच नाही. ती ऊमायसीट, आणि तिची खरी भावकी तपकिरी शैवालं आणि डायॅटम. हा फरक तुमच्या शेजारचा बागायतदार औषधाच्या पिंपापाशी रोज अनुभवतो, त्याला नाव माहीत नसलं तरी. आंब्याच्या मोहोरावरची भुरी ही खरी बुरशी, तिच्यावर गंधक चालतं. सुपारीचा कोळेरोग हा फायटोफ्थोराचा, म्हणजे ऊमायसीटचा. त्याच्यावर गंधकाचा उपयोग नाही, तिथे बोर्डो मिश्रण किंवा मेटॅलॅक्झिल लागतं, आणि मेटॅलॅक्झिल भुरीला काही करत नाही. ट्रायझोल जातीची औषधं बुरशीच्या पेशीआवरणातलं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. ऊमायसीट ते बनवतच नाहीत, मग औषध कशावर लागू पडणार? नाशिककडे द्राक्षाच्या एकाच पानावर भुरी आणि डाऊनी (केवडा, हा ऊमायसीटचा) दोन्ही येतात आणि दोन वेगळी औषधं मारावी लागतात, त्यामागे हेच आहे. वर्गीकरण हे कागदावरचं शास्त्र आहे असं म्हणणाऱ्याला मी आधी बागेत पाठवते.

जाता जाता, २०२१ मध्ये घरोघरी पोचलेला "ब्लॅक फंगस" शब्द. ती बहुतेक वेळा रायझोपसच होती आणि रायझोपस काळ्या बुरशांच्या गटातली नाही. काळी पडत होती ती रुग्णाची मेलेली ऊती. त्या काळात भिंतीवरची प्रत्येक काळी बुरशी बघून लोक घाबरले. तुमच्या देवराईतही काळ्या बुरशाच जास्त मिळतील, मुलांना आधीच सांगून ठेवा.

इथवरचं थोडक्यात: वरच्या पातळीवर आजचं, डीएनएवर आधारलेलं वर्गीकरण धरा. टेबलावर ओळख पटवताना बीजाणूचा जन्म आधी पाहा, आकार नंतर. नाव छापण्याआधी ते आज चालू आहे का, हे इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या दोन खुल्या नोंदवह्यांत तपासा. जुनं नाव टाकलंत तरी तिथे चालू नाव सहसा सापडतं.

पण प्रजातीपर्यंत जायचं का? माझं स्पष्ट मत, बहुतेक वेळा नाही. कारण कांद्यावर बघा. चाळीतल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी असते तिला सगळे डोळे झाकून अ‍ॅस्परजिलस नायगर म्हणतात. मायक्रोस्कोपखाली तेच दिसतं: गोल डोकं, त्यावर दोन थरांच्या पेशी, त्यांच्या टोकाला खरबरीत गोल काळे बीजाणू. पण अ‍ॅस्परजिलस ट्यूबिन्जेन्सिस आणि अ‍ॅस्परजिलस वेल्विट्शी अशाच दिसतात, नजरेने वेगळ्या काढता येत नाहीत. काही देशांत कांद्यावरची बुरशी डीएनएने तपासली तेव्हा ती वेल्विट्शी निघाली. आणि २०१२ मध्ये बुरशांसाठी जो आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा ओळखखूण म्हणून ठरवला गेला, तोही या गटात कमी पडतो, तिथे कॅल्मोड्युलिन किंवा बीटा-ट्यूब्युलिनचं जनुक वाचावं लागतं. म्हणजे प्रयोगशाळेला पैसे देऊन आलेला अहवालसुद्धा प्रजातीपर्यंत खात्रीचा असेलच असं नाही. कुठलं जनुक वाचलं, ते आधी विचारा.

कधी कधी मात्र प्रजातीच्याही पुढे जावं लागतं. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अ‍ॅफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. तिचीच माणसाळलेली जात, अ‍ॅस्परजिलस ओरायझी, सोया सॉससाठी शतकानुशतकं वापरात आहे. दोघी जनुकांनी इतक्या जवळच्या आहेत, की मायक्रोस्कोपवर भरवसा ठेवता येत नाही. १९७४ मध्ये गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले आणि त्यांतले १०६ दगावले. कारण हेच अ‍ॅफ्लाटॉक्सिन. तेव्हा भुईमुगावर हिरवी-पिवळी बुरशी दिसली तर मुलांना वास घेऊ देऊ नका आणि तिचं कल्चर वर्गात करू नका. दमा असलेल्या मुलाला तर कुठल्याच कोरड्या बुरशीजवळ मास्कशिवाय उभं करू नका.

आता प्रत्यक्ष काम. देवराईतून पानं आणताना ती प्लास्टिकमध्ये कोंबू नका, कागदी पाकिटात आणा. प्रत्येक पाकिटावर तारीख, जागा आणि झाड लिहा. झाड फार महत्त्वाचं आहे. सुरंगीच्या पानावर, ऐनाच्या पानावर आणि फणसाच्या देठावर सापडणाऱ्या बुरशा बऱ्याच वेगळ्या असतात आणि "मिश्र पाचोळा" लिहिलेलं पाकीट पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाही. पानांवरची माती नळाखाली हलकेच धुऊन काढा. डब्यात तळाशी ओला टिश्यू कागद घालून त्यावर पानं पसरा, झाकण किंचित सैल ठेवा. पहिल्या आठवड्यात म्युकर, रायझोपस, ट्रायकोडर्मा असल्या भरभर वाढणाऱ्या येतात आणि डबा हिरवा-पांढरा करून टाकतात. वैतागून फेकून देऊ नका. खऱ्या पाचोळ्याच्या बुरशा सावकाश, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतात आणि महिनाभर येत राहतात. पाणी मोजकंच शिंपडा. डब्यात बारीक कोळी, म्हणजे माइट, झाले तर तो डबा ताबडतोब बाकीच्यांपासून दूर न्या. ते बीजाणू खातात आणि एका डब्यातले दुसऱ्यात पेरून ठेवतात. मग फणसावरची बुरशी जांभळावर सापडल्याचा "शोध" लागतो.

स्लाइडसाठी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू वापरत असाल तर त्यातलं फिनॉल विषारी आहे हे लक्षात ठेवा. गडद बुरशांना रंग लागतच नाही, नुसतं लॅक्टिक अ‍ॅसिड पुरतं. सेलोटेपने उचललेला नमुना झटपट होतो आणि दांड्यावरचे बीजाणू बऱ्यापैकी जागेवर राहतात. सुईने खरवडला तर सगळं विखुरतं. तुमच्या फोटोंत नुसते बीजाणू का आले याचं कारण मला तरी हेच दिसतं.

आणि मोजमाप. तुमच्या एकाही फोटोत मापपट्टी नाही. एकदा स्टेज मायक्रोमीटर मिळवा, शेजारच्या वरिष्ठ महाविद्यालयात नक्की असेल. त्याचा एक भाग १० मायक्रॉनचा असतो. आयपीसमधल्या पट्टीचे ४० भाग त्याच्या १० भागांवर बसले, तर तुमचा एक भाग अडीच मायक्रॉनचा. प्रत्येक लेन्ससाठी हे एकदा काढून मायक्रोस्कोपच्या पेटीवर चिकटवून ठेवा. प्रत्येक बुरशीचे वीस-तीस बीजाणू मोजा आणि सरासरीबरोबर लहानात लहान व मोठ्यात मोठं मापही लिहा.

कल्चर जमलं तर उत्तम: लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगर, आणि कुकरमध्ये वीस मिनिटं. पण पाचोळ्यातल्या पुष्कळ बुरशा त्यावर नुसता कापूस वाढवतात आणि बीजाणूच देत नाहीत, किंवा मुळी वाढतच नाहीत. म्हणून कल्चरपेक्षा वाळवलेल्या नमुन्याकडे जास्त लक्ष द्या. बुरशी असलेला पानाचा तुकडा रद्दीत दाबून, सुकवून, पाकिटात घालून क्रमांक दिला, की तो पन्नास वर्षांनीही कुणाला तपासता येतो. फोटो तसा तपासता येत नाही. यादीत "कर्व्ह्युलॅरिया, अनिश्चित प्रजाती १, पाकीट क्रमांक अमुक" असं लिहिणं मला "कर्व्ह्युलॅरिया लुनाटा" असं अंदाजाने ठोकण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. जगात बुरशांच्या प्रजाती २२ ते ३८ लाख असाव्यात असा २०१७ मधला अंदाज आहे आणि नाव मिळालेल्या साधारण दीड लाख. तुमच्या डब्यातली एखादी बुरशी कुठल्याच पुस्तकात बसली नाही तर ते साहजिक आहे, तिला ओढूनताणून बसवू नका.

अशी न बसणारी मिळाली तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे जा. (संस्था आघारकरांच्या नावाची आणि आहे आगरकर रस्त्यावर, रिक्षावाल्याशी बोलताना सांभाळा.) तिथे अजरेकर यांच्या नावाचा बुरशांच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे आणि जिवंत कल्चरचा राष्ट्रीय संग्रहही आहे. शुल्क घेऊन ओळख पटवून देतात. खरोखरच नवी प्रजाती ठरली तर नाव छापण्याआधी त्याची नोंदणी करावी लागते, २०१३ पासून ते सक्तीचं आहे, आणि आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. परदेशातल्या ओळखीच्या कुणाला परस्पर टपालाने पाठवू नका.

परवानगीचंही आधी बघा. काही देवरायांत वाळकं पानसुद्धा बाहेर नेऊ देत नाहीत. गावकर-मानकऱ्यांशी बोलून, काय नेणार आणि कशासाठी हे सांगून मगच पाकिटं भरा. अनेक ठिकाणी हद्दीबाहेर पडलेला पाचोळा घ्यायला कुणाची हरकत नसते, तेवढ्यावरही दोन पावसाळे पुरेल इतकं काम निघेल.

तुमच्या फोटोंपैकी तीन वळसेदार तपकिरी बीजाणूंचे आहेत, मधला कप्पा मोठा आणि गडद. ते कर्व्ह्युलॅरिया म्हणून खुशाल लिहा. लांबट बीजाणूंचे जे आहेत, ज्यांना कुणी हेल्मिंथोस्पोरियम आणि कुणी ड्रेक्स्लेरा म्हटलंय, त्यांची वर सांगितलेली अंकुराची चाचणी करा आणि बुडाशी उंचवटा आहे का ते ऑइल इमर्शनखाली पाहून परत पाठवा, मापपट्टीसकट. आणि तो आठ टोकांचा पिवळसर तारा, ज्याला "दुर्मिळ पाण्यातली बुरशी" असं उत्तर आलंय, तो बुरशीचा नाही. शेंदरीच्या पानाच्या पाठीमागे असे ताऱ्याच्या आकाराचे रोम असतात, ताजं पान खरवडून शेजारी ठेवून पाहा. तो यादीतून काढून टाका.